‘नंतर’ बटणाचा पहारा

“नवं आणा, जुनं आणा, न्हाईतर आभाळातून आणा! या बोटांपुढं कुठलंबी मशीन दोन दिवसांत सरळ होतंय, सरपंच!”

बोरदऱ्याच्या मारुतीच्या पारावर, चांगल्या वीस-पंचवीस माणसांदेखत आश्रुबांनी हे वाक्य टाकलं आणि उजव्या हाताची पाचही बोटं सगळ्यांना दिसतील अशी फिरवली. वास्तविक त्यातल्या दोनच बोटांना टायपिंग येत होतं. उरलेली तिघं नुसती सोबतीला असायची, कीर्तनकाराच्या मागं उभी राहून फक्त माना डोलावणाऱ्या टाळकऱ्यांसारखी!

आश्रुबा म्हणजे ग्रामपंचायतीचे निवृत्त लेखनिक आणि कीर्तनाचे अट्टल भक्त. चौसाळ्यापासून आष्टीपर्यंत कुठंही कीर्तन असू द्या, पहिल्या ओळीत पांढरी टोपी आश्रुबांची. महाराजांना चरण आठवेना झाला की हे खालून ओठ हलवायचे. करुण प्रसंग आला की रडायचे. कधीकधी तर तो यायच्या आधीच रडून घ्यायचे, म्हणजे पुढं ऐकायला मोकळे!

आणि गेली अठरा वर्षं गावच्या सप्ताहात त्यांची एक सेवा ठरलेली. वीणेच्या पहाऱ्याची यादी!

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यादीत काय एवढं? तर ऐका. सप्ताहाचे सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकानं दोन तास गळ्यात घेऊन उभं राहायचं, मग दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. आणि देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पायावर डोकं ठेवायचं. सात दिवसांचे चौऱ्याऐंशी पहारे, चौऱ्याऐंशी नावं. त्यात मोहनराव आणि त्यांचा धाकटा भाऊ अंगद यांचा बांधावरच्या चिंचेवरून सहा वर्षांचा अबोला. साखराबाई आणि बायनाबाई यांचं एका परातीवरून वाकडं. नेताना सपाट होती, परत आली तेव्हा पोचा आलेली! अशी किती सांगू? ही माणसं पाठोपाठ आली तर एकमेकांच्या पाया पडायची वेळ येणार, कुणीतरी नाही म्हणणार, आणि वीणा मधल्यामध्ये लोंबकळणार!

म्हणून आश्रुबा अशी यादी करायचे की कुठलाही वैरी कुठल्याही वैऱ्याच्या मागंपुढं येऊ नये. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा सोपा, पण हे नको! ही युक्ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. घरी विमलबाईंनासुद्धा नाही. यादी भिंतीला लागायची तीसुद्धा वीणा उभी राहिल्यावरच, म्हणजे देवासमोर कुणाला तोंड उघडता येऊ नये. अठरा वर्षं एकही भांडण नाही. गावाला वाटायचं, मारुतीची कृपा! आश्रुबांना वाटायचं, अर्धी मारुतीची.

यंदा सरपंच विजयसिंह यांनी देवस्थानच्या खोलीत वडिलांच्या स्मरणार्थ नवा संगणक दिला. पंख्यावर असते तशी पाटीसुद्धा लावली, पडद्याच्या चौकटीवर, लाल रंगात. आणि जुना संगणक त्याच दिवशी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. त्यावर आश्रुबांनी पारावर केलेली गर्जना तुम्ही वर ऐकलीच.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा हातपाय धुऊन, गंध लावून नव्या संगणकापुढं बसले.

पहिला अर्धा तास सगळं सुरू करायचं बटण शोधण्यात गेला. आयुष्यभर ते पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असायचं. तिथं आता ऊन-पावसाचा अंदाज होता! बटण मधे सरकून बसलं होतं, कुणाच्या तरी लग्नात आहेराच्या वेळी वरमाय सरकते तसं. आश्रुबांनी यादीच्या फाईलचं नाव शोधायला टाकलं. संगणकानं साऱ्या जगात शोधून ‘वीणा विकत घ्या’ अशा चौदा जाहिराती दाखवल्या.

“अरे, माझ्याच घरात माझं धोतर कुठं हाय ते विचारलं,” आश्रुबा संगणकाला म्हणाले, “तर तू मला बाजार कावून दाखवायला बे?”

पूर्वी प्रत्येक चित्राखाली नाव असायचं. आता नुसती चित्रं, तीही सगळी निळी. ‘जतन करा’चं बटण तर कुठं दिसेचना. मधूनच उजवीकडून एका सिनेनटीची बातमी सरकत यायची आणि आश्रुबा घाईघाईनं डोळे मिटून ‘राम कृष्ण हरी’ म्हणायचे.

“काय झालं?” डबा घेऊन आलेल्या विमलबाईंनी विचारलं.

“अगं, जुना संगणक म्हणजे जुन्या वळणाचा कीर्तनकार होता. उभा राहिला, नमन केलं, अभंग घेतला की थेट निरूपण! आणि हे नवं कसं, तर येऊन आधी तासभर स्वतःचं कौतुक सांगतंय, मग दुसऱ्याच्या दुकानाची जाहिरात करतंय, आणि अभंगाचं दुसरं चरण काय शेवटपर्यंत येत न्हाई!”

“जेवा आधी. भाकर निवायली.”

तरीही आश्रुबा खरे जिद्दीचे. शनिवारी सकाळी यादी पुरी झाली. चौऱ्याऐंशी नावं, एकही वैरी शेजारी नाही! सोमवारी सकाळी सप्ताहाला सुरुवात. आता फक्त छापायची.

त्यांनी छापायची आज्ञा दिली. संगणक म्हणाला, असा कुठला प्रिंटर माझ्या ओळखीचा नाही. प्रिंटर तर शेजारी, हाताला लागेल इतका जवळ! बारा वर्षं एका टेबलावर काढलेला माणूस. पण नव्या सूनबाईनं सासऱ्याला ओळख दाखवली नाही, तर सासरा काय करणार?

आश्रुबांनी बीडला आमेरला फोन लावला. आमेर संगणक दुरुस्तीवाला. आश्रुबांची त्याची पंधरा वर्षांची ओळख.

“काका, मी सिरसाळ्याला आलोय, भाचीच्या लग्नाला. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं येतो. फाईल सेव्ह केली का तुमी?”

“बटणच घावत न्हाई रे! वर नुसतं ‘नाव नसलेली’ असं लिहून येतंय.”

“मग एक करा. मी येईपर्यंत मशीन बंद करू नका.”

“न्हाई करत.”

आश्रुबांनी फोन ठेवला, आणि त्याच क्षणाला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पाटी उगवली. ‘तुमचा संगणक आणखी चांगला करण्यासाठी पंधरा मिनिटांत बंद होऊन पुन्हा सुरू होईल.’ खाली दोन बटणं. एक ‘आत्ता’. दुसरं ‘नंतर’.

आश्रुबांनी ‘नको’ हे बटण शोधलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. पडद्याच्या मागंसुद्धा वाकून पाहिलं.

“अरे, यमदूत तरी याच्याहून बरे!” असं म्हणत त्यांनी ‘नंतर’ दाबलं. पाटी गेली. आश्रुबा चहाला म्हणून दारापर्यंत गेले, विजयसिंहांशी दोन शब्द बोलता बोलता पाव तास गेला, मागं वळले तर पाटी परत हजर, आणि त्यावर आकडे उलटे पळत होते. एकेचाळीस, चाळीस, एकोणचाळीस...

साठ पार केलेल्या माणसानं एवढी लांब उडी मारलेली बोरदऱ्यानं त्याआधी पाहिली नव्हती!

“काका! काय झालं?” विजयसिंह धावत आत आले.

आश्रुबांनी धापा टाकत सगळं सांगितलं. यादी आत हाय, ती कुठं ठेवायची ते घावत न्हाई, आणि दर पंधरा मिनिटांनी हे मशीन स्वतःला संपवायला निघतंय!

“पडद्यावर बघून हातानं वहीत लिहून घ्या की,” तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या विमलबाई म्हणाल्या.

“लिहू कसं? पडद्यावर एकदम नऊच नावं दिसतात. खाली सरकवायला गेलो तर मघाशी यादीच गायब झाली, आष्टीचं हवामान आलं! अर्धा तास लागला परत आणायला. आता त्याला कुणी बोट लावायचं न्हाई. फक्त ‘नंतर’ दाबायचं.”

“सोमवारपर्यंत?”

“सोमवारपर्यंत!”

“तुमी दोन दिवस बिनझोपेचं बसणार?” विमलबाईंनी पदर खोचला. “अहो, वीणेला लावता तसा यालाबी पहारा लावा की!”

झालं! तासाभरात गावात दवंडी पिटल्यासारखी बातमी फिरली. सप्ताह जगवायचा तर संगणक जागा ठेवायचा! माणसं आपणहून येऊ लागली. आश्रुबांनी दोन नियम केले. एक, एका हातात माऊस आणि नजर पाटीवर. दुसऱ्या कशालाही हात नाही. दोन, यादी आधी कुणी वाचायची नाही; म्हणून त्यांनी आपलं उपरणं पडद्यावर असं सोडलं की फक्त उजवा कोपरा उघडा राहावा.

इथंच चुकलं. पडदा सोडलेली वस्तू दिसली की आपल्या माणसाचे हात आपोआप जुळतात. पहिल्या तासाला मोहनराव बसले, त्यांनी बसण्याआधी सवयीनं चपला बाहेर काढल्या. दुसऱ्या तासाला कुणीतरी उदबत्ती लावली. दुपारपर्यंत हार आला, बुक्का आला. संध्याकाळी आश्रुबा येऊन पाहतात तर माऊसला गंध! लाल पाटीवरच्या विजयसिंहांच्या वडिलांनाही लोक नमस्कार करून जात होते, त्यामुळं विजयसिंह सारखे डोळे पुसत होते.

“कोण नारळ फोडायला निघालं होतं?” आश्रुबा ओरडले. “पाणी गेलं आत म्हणजे?”

“बाहेर फोडला काका,” साखराबाई म्हणाल्या. “प्रसाद घ्या.”

एवढ्या गडबडीत एका गोष्टीकडं आश्रुबांचं साफ दुर्लक्ष झालं. वीणेच्या पहाऱ्याची यादी त्यांनी एकेक नाव तोलून केली होती. संगणकाच्या पहाऱ्याची यादीच नव्हती! जो येईल तो बसेल!

रविवारी सकाळी माऊस मोहनरावांच्या हाती होता. वेळ संपत आली. दारात चपला काढून आत आला तो अंगद!

आश्रुबा जागेवरून अर्धे उठले. खोलीतली सात-आठ माणसं भिंतीकडं सरकली. सहा वर्षं हे दोघे भाऊ एकमेकांची सावली चुकवून चालत होते. मोहनरावांनी माऊस घट्ट धरला. अंगद उंबऱ्यात खांबासारखा उभा. आणि नेमकी तेव्हाच पाटी उगवली. मोहनरावांचं लक्ष भावाकडं, अंगदचं पाटीकडं.

“दादा,” अंगद सहा वर्षांत पहिल्यांदा बोलला, “दाब की! वीस सेकंद राह्यलेत!”

“माझी पाळी संपली. तू दाब.”

“आधी रीतीनं दे, मग दाबतो.”

“रीतीनं म्हंजे?”

“पहारा हाय न्हवं?”

बारा, अकरा, दहा... आश्रुबांनी डोळे मिटले. दोघे भाऊ एकदमच वाकले. दोघांची डोकी अशी आपटली की आवाज पारापर्यंत गेला! मोहनरावांच्या हातातला माऊस निसटला, अंगदनं तो हवेत झेलला आणि तीन सेकंद बाकी असताना ‘नंतर’ दाबलं.

“लागलं का रे?” मोहनरावांनी कपाळ चोळत विचारलं.

“न्हाई. तुला?”

“न्हाई.” मोहनरावांनी टोपी सारखी केली. “चिंचा उतरवायला आल्यात. माणूस लावू का दोघांत?”

कीर्तनात आश्रुबा रडायचे ते ठरल्या जागी. इथं जागा ठरलेली नव्हती, तरी रडले!

त्यानंतर सांडलेल्या मुरमुऱ्यांसारखं सगळं पसरत गेलं. साखराबाईंच्या हातून बायनाबाईंनी माऊस घेतला, आणि पाया पडून उठताना बायनाबाई म्हणाल्या, “परात माझ्याच हातून आपटली होती गं.” साखराबाई म्हणाल्या, “मला तवाच ठाऊक होतं गं बया, पर तू म्हणायला किती उशीर लावलास!” दुपारी वीज गेली आणि संगणक बॅटरीच्या पाच मिनिटांवर आला तेव्हा मंडपवाल्याचं इन्व्हर्टर उचलून आणायला कोण धावलं म्हणता? एकमेकांच्या गल्लीतून न जाणारी चार घरं! सोमवार उजाडला तोवर गावात रुसायला माणूस शिल्लक नव्हता.

पहिल्या गाडीनं आमेर उतरला. देवस्थानच्या खोलीत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकला. समोर उपरण्यातला संगणक, गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात समई, आणि हात जोडून बसलेले चाळीसेक लोक.

“काका,” तो हळूच म्हणाला, “मशीन गेलं का?”

“जिवंत हाय! दोन दिवस पापणी मिटू दिली न्हाई त्याची!”

आमेरनं चपला काढल्या. सगळं ऐकून घेतलं. मग कपाळाला हात लावला.

“काका, ह्या नव्या मशीनवर लिहिलेलं आपोआप सेव्ह होतंय. दर मिनिटाला.”

“मग तू कावून म्हणालास, बंद करू नका?”

“पंधरा वर्षांची सवय हो! जुन्या मशीनपायी हेच सांगत आलोय सगळ्यांना.”

चाळीस माणसांनी आधी संगणकाकडं पाहिलं, मग आश्रुबांकडं.

“म्हंजे बघा,” आश्रुबांनी विषय बदलला, “जुनं मशीनच बरं होतं की न्हाई? यांची प्रतच उतरत चाललीय दिवसेंदिवस!”

“जुनं?” आमेर हसला. “जुनं मशीन आठवड्यातून तीनदा अडकायचं आणि तुमी मला फोन करून शिव्या घालायचा. आत्ता मातर एक गोष्ट खरी बोललात. तवा ते बंद पडायचं ते बिचारं दमून पडायचं. आता चांगलं चालतंय, पर आपल्याला इचारून चालत न्हाई. माझ्या दुकानात रोज चार माणसं येतात. म्हणतात, काल होतं तसंच करून दे. कालचं परत आणायचं बटण मला तरी कुठं घावलंय?”

असं म्हणून त्यानं उपरणं बाजूला केलं आणि कुणाला काही कळायच्या आत ‘आत्ता’ दाबलं!

चाळीस माणसांच्या तोंडून एकच “अगगग!” निघालं. पडदा काळा झाला. ठिपके गोल गोल फिरू लागले. बायनाबाईंनी साखराबाईंचा हात धरला. विजयसिंह वडिलांच्या पाटीकडं बघत राहिले. दहा मिनिटांनी पडदा उजळला, आमेरनं दोनदा टिचकी मारली, आणि यादी आली! चौऱ्याऐंशी नावं, एकही इकडची तिकडं नाही! प्रिंटरचीही त्यानं नव्यानं ओळख करून दिली, आणि कागद खर्र्‌कन बाहेर आला.

आश्रुबांचा ऊर भरून आला. देवळापुढच्या मंडपात कलश मांडला गेला, गजर झाला, वीणा उभी राहिली. मग त्यांनी अठरा वर्षांच्या शिरस्त्यानं यादी देवळाच्या भिंतीला डकवली आणि कौतुक ऐकायला दोन पावलं मागं सरकून उभे राहिले.

मोहनरावांनी चष्मा लावला. बोट वरून खाली नेलं. पुन्हा खालून वर आणलं.

“काका, मी मंगळवारी. अंगद शुक्रवारी. आमा भावाभावात तीन दिवसांचं अंतर कावून?”

“ते असंच पडलं, मोहनराव...”

“आणि मी न् बायना?” साखराबाई पुढं आल्या. “ती पहिल्या दिवशी, मी शेवटच्या! आमचं काय वाकडं हाय?”

आता सगळेच बोटं ठेवून बघू लागले. ज्यानं-त्यानं आपलं नाव शोधलं, मग कालच गोड झालेल्या माणसाचं शोधलं, आणि मधलं अंतर मोजलं.

“मागल्या सालीबी असंच होतं!” अंगद ओरडला. “त्याच्या मागल्या सालीबी! आरं, आमाला सहा वर्षं लांब ठेवलं ते ह्या यादीनं! पाठोपाठ आलो असतो तर तवाच पाया पडून मोकळे झालो असतो की!”

“तसं न्हाई, ऐका तर...”

“अठरा वर्षं गावात फूट पाडत होता हा माणूस! वरून गंध लावून!”

बोरदऱ्याच्या लोकांचं गेल्या कित्येक वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. त्या सकाळी झालं. पूर्ण गाव एका बाजूला आणि एका बाजूला आश्रुबा!

विजयसिंहांनी यादी भिंतीवरून काढली, फळा मागवला आणि खडूनं नवी यादी तिथंच सुरू झाली. ज्यांचं कालपर्यंत जमत नव्हतं त्यांना मुद्दाम पाठोपाठ घातलं. हा हा म्हणता ब्याऐंशी नावं झाली. दोन जागा उरल्या, त्यातली शेवटची आश्रुबांची.

“आश्रुबा काकांच्या आधी कोण?” विजयसिंहांनी विचारलं. “त्यांच्या हाती वीणा कोण देणार?”

मोहनराव वर पत्र्याकडं बघायला लागले. साखराबाईंना अचानक पदर नीट करायचा आठवला. आश्रुबा खाली मान घालून उभे राहिले.

“मी देते,” बायकांच्या बाजूनं आवाज आला. विमलबाई उठून उभ्या राहिल्या.

आश्रुबांचे डोळे पुन्हा भरून आले. “बघा! शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस...”

“तसलं काई न्हाई,” विमलबाई म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला. निदान त्या निमित्तानं एकदा तरी माझ्या पाया पडतील!”

आणि फळ्यावर नाव लिहून होईपर्यंत त्या पाऊल पुढं करून पाहूसुद्धा लागल्या.